बुद्धाचं नुसतं डोकं येतं कुठून?

शहरातल्या हॉटेलात, शोभेच्या वस्तूंच्या दुकानात बुद्धाचं नुसतं डोकं मांडलेलं तुम्ही पाहिलं असेल. आताची बहुतेक साच्यातून काढलेली, फायबरची असतात. पण ही रीत पडली कशी, ते आज सांगते.

डोंगर कोरून बुद्धाची लेणी करण्याची कल्पना भारतातून चीनकडे गेली. आपल्या शेजारच्या अजिंठ्याची बरीच लेणी पाचव्या शतकात खोदली गेली, आणि त्याच शतकात तिकडे युनकांग, लोंगमेन इथं छिन्नी चालत होती. त्या मूर्ती अख्ख्या होत्या. पुढं शंभरेक वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्यांची मागणी वाढली. धड डोंगराशी एकजीव, ते निघता निघत नाही. डोकं मात्र तोडलं की पेटीत मावतं. तियानलोंगशानच्या आठव्या लेण्यातलं बुद्धाचं डोकं 1924च्या सुमारास असंच चोरीला गेलं. 2020 साली ते जपानमध्ये लिलावात दिसलं आणि त्याच डिसेंबरात चीनला परतलं. म्हणून जुनं दगडी डोकं दिसलं, की मी आधी विचारते, बाई, याचं धड कुठं आहे?

हे आपल्याला कशाला, असं म्हणाल. तर 2024च्या जूनमध्ये आपल्याच सिंदखेडराजात, लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ खोदताना पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. पावणेदोन मीटरच्या आसपास लांब! आपल्या जमिनीत असं बरंच दडलेलं आहे. ते नांगराला लागतं, विहीर खोदताना निघतं. मग कुणीतरी गाडी घेऊन येतो आणि चार-पाच हजार हातावर ठेवतो.

असा सौदा करू नका. 1972च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. तिची नोंदणी लागते, परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं, तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. हा कायदा 1878चा, पण अजून चालतो. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मूर्ती निघाली तर घासू नका, शेंदूर लावू नका. जिथं निघाली तिथंच फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि तलाठ्याला त्याच दिवशी सांगा.