दुर्गापुऱ्याच्या रस्त्यावरचे पक्षी

जयपूरच्या दक्षिण भागात, टोंक रोडलगत दुर्गापुरा आहे. सवाई माधोपूर मार्गावरचं रेल्वे स्थानक आणि कृषी संशोधन संस्था ही त्याची ओळख. हवामहल टिपायला आलेले कॅमेरे इकडे क्वचितच वळतात. पक्ष्यांना अर्थातच त्याचं सोयरसुतक नसतं.

पारवे, होले, बुलबुल, पोपट ही जयपूरच्या वस्त्यांतली नेहमीची मंडळी. साळुंक्या मात्र निरखून पाहाव्यात. नेहमीच्या तपकिरी साळुंकीची डोळ्याभोवतीची उघडी कातडी पिवळी असते. उत्तर भारतात बाजारपेठांतून, स्थानकांवर खरकटं टिपणाऱ्या तिच्या निळसर राखाडी भावंडाची विटकरी लाल. जवळून घेतलेल्या फोटोत हा फरक लपत नाही.

राजस्थानातलं दुपारचं ऊन सावल्या काळ्याकुट्ट करतं, म्हणून सूर्योदयानंतरचा तासभर उत्तम. बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंद शटर बहुधा पुरतं, उडत्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान लागतं. पांढऱ्याफटक आकाशासमोर तारेवरचा होला नुसता काळा ठिपका होतो. तिथे एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवावं. पार्श्वभूमी पूर्ण धूसर करण्याची हौस इथे आवरलेली बरी. एफ/८ च्या आसपास छिद्र ठेवलं, तर दुकानाचं शटर, रंगवलेली पाटी, विजेच्या तारांचा गुंताही ओळखू येतो.