दोन सुरांमधले आठ सेंट

गणपतीत विजयदुर्गाकडच्या वाड्यांमध्ये रात्री घरोघरी भजनं रंगतात. एका वर्षी पेटीच्या सोबतीला मी सिंथ घेऊन बसलो. दोन ऑसिलेटरांचा जाडसर आवाज घरी मेहनतीने बनवला होता. पहिल्याच गजराला बुवांनी मान वळवली, "काय रे, तुझो सूर ढळलो हा काय?"

डिट्यून, म्हणजे दोन ऑसिलेटरांचे सूर किंचित वेगळे ठेवणं, म्हटलं की थोडं बेसूर होणारच, असं तेव्हा मी धरून चाललो होतो. हाच पहिला गैरसमज. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये, काळ्या-पांढऱ्या धरून, १०० सेंटचं अंतर असतं. मी एक ऑसिलेटर जागेवर ठेवून दुसरा १६ सेंट चढवला होता. कान अशा दोन सुरांच्या साधारण मधला सूर धरतो, म्हणून माझा आवाज पेटीपेक्षा आठेक सेंट चढा लागत होता. मग एक चार सेंट उतरवला, दुसरा चार चढवला. आवाजाचा जाडपणा टिकला आणि तो पेटीत मिसळला.

हा जाडपणा येतो कुठून? ४४० आणि ४४२ हर्ट्‌झचे सूर एकत्र वाजले की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो, ओसरतो. पेटी मिळवणारे कारागीर हीच लहर ऐकत काम करतात. दोन नर, म्हणजे एकाच सप्तकातल्या, सुरांच्या पेटीत एक सूर उतरला असेल तर पितळी पातं टोकाशी किंचित घासतात, चढला असेल तर मुळाशी. लहर थांबली की दोन्ही सूर जुळले. आपण सिंथवर तीच लहर मुद्दाम ठेवतो. साइन वेव्हवर नुसता चढउतार ऐकू येतो. सॉटूथमध्ये मात्र वरचे स्वरांश भरपूर असतात. दुसरा स्वरांश दुप्पट वेगाने डोलतो, तिसरा तिप्पट, म्हणून आवाज भरल्यासारखा वाटतो.

एकच डिट्यून साऱ्या कीबोर्डला चालतो, हेही खरं नाही. आठ सेंटच्या फरकाने ४४० हर्ट्‌झला सेकंदाला दोन लहरी येतात, ११०ला दोन सेकंदांत एक, ८८०ला सेकंदाला चार. खर्जात ती संथ लहर मूळ सूरच अधूनमधून गिळते. बेससाठी मी एकच ऑसिलेटर ठेवतो.

ऑसिलेटर जितके जास्त तितका आवाज भारदस्त, असंही म्हणतात. १९७०च्या मिनीमूगमध्ये तीन होते, तापमानाबरोबर त्यांचे सूर सरकत, म्हणून वाजवण्याआधी यंत्र तापू द्यावं लागे. १९९६च्या रोलँड जेपी-८०००ची सुपरसॉ सात सॉटूथ एकत्र वाजवते. पण १९८२च्या रोलँड जुनो-६०मध्ये एका वेळी वाजणाऱ्या दर सुराला एकच ऑसिलेटर आहे, तोही डिजिटल घड्याळावर चालणारा, न ढळणारा. त्याचा रुंदपणा बहुतांशी कोरस इफेक्टमधून येतो.

आता भजनाला बसण्याआधी मी दुसरा ऑसिलेटर बंद करतो, बुवांच्या पेटीचा षड्ज धरून पहिला मिळवतो, आणि मगच दुसरा चालू करून दोघांना चार-चार सेंट दूर सारतो.