डुंकेल : रंगामुळे बदनाम झालेली बिअर

गडद रंगाची बिअर टेबलावर आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "खूप स्ट्राँग असते का ही?" म्युनिकच्या डुंकेलवर या प्रश्नाने फार अन्याय होतो. डुंकेल ही बव्हेरियाची गडद लागर. तिच्यात अल्कोहोल साधारण ४.५ ते ५.६ टक्के. उलट आपल्या दुकानांत 'स्ट्राँग' असं ठळक लिहिलेल्या बहुतेक बाटल्यांमधली बिअर सोनेरी असते, आणि त्यांत ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं. जर्मनीतली फिकट माइबॉकसुद्धा सव्वासहा टक्क्यांच्या पुढे जाते. गडद आणि खरोखर कडक अशी बिअर हवीच असेल तर ती डॉपेलबॉक. पाउलानर ब्रूअरीची साल्वाटोर ७.९ टक्क्यांची असते. पण तिचा कडकपणा जास्त माल्ट वापरल्याने येतो. रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

रंग येतो भट्टीतून. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मग ते गरम हवेवर वाळवतात; हेच माल्ट. पिल्सनर माल्ट ८० अंशांच्या आसपास वाळवलं जातं, तर म्युनिक माल्ट शंभर अंश किंवा त्याहून थोड्या जास्त तापमानाला. त्या वाढीव उष्णतेत धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी अभिक्रिया करतात, रंग गडद होतो आणि वास खमंग. भाजणीसाठी धान्य मंद आचेवर भाजताना घरभर जो वास सुटतो, त्यामागेही हीच अभिक्रिया असते. डुंकेलमध्ये हे म्युनिक माल्ट बहुतांश, कधीकधी तर शंभर टक्के असतं. काळं होईपर्यंत भाजलेलं माल्ट रंगापुरतं चिमूटभर घातलं तर घातलं. म्हणूनच चांगल्या डुंकेलला कॉफीचा किंवा करपट वास येत नाही. तो येतो स्टाउटला, आणि थोडासा श्वार्ट्सबिअरला. श्वार्ट्सबिअर ही थुरिंगियाकडची जास्त काळपट, जास्त कोरडी लागर. बाड क्योस्ट्रित्स हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. गडद दिसणाऱ्या सगळ्या बिअर एका माळेत ओवणाऱ्यांनी डुंकेल आणि श्वार्ट्सबिअर शेजारी शेजारी ठेवून चाखाव्यात.

"लागर म्हणजे पिवळी बिअर" हा समज इतिहासाला धरून नाही. बव्हेरियात थंड तळघरांत सावकाश मुरवलेली लागर कित्येक पिढ्या गडदच होती. पिल्सेन शहरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने सोनेरी लागर बनवली ती १८४२ मध्ये. खुद्द म्युनिकमध्ये श्पाटेन ब्रूअरीने आपली फिकट हेलेस आणली १८९४ मध्ये. तोवर म्युनिककरांची रोजची बिअर म्हणजे डुंकेल. यात तिथल्या पाण्याचाही हात आहे. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेटचं प्रमाण जास्त. गडद माल्टची आम्लता त्याचा तोल सांभाळते. फिकट माल्टला ते जमत नाही.

कडवटपणाचाही असाच बोभाटा. हॉप्सचा कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. डुंकेलचा आकडा १८ ते २८ च्या दरम्यान, जर्मन पिल्सचा २२ ते ४०. म्हणजे फिकट पिल्स बहुधा जास्त कडू. दुसऱ्या टोकाला, माल्टचा दाट वास आला की अनेक जण लगेच "गोड आहे" म्हणतात. इथे जरा थांबायला हवं. पावाच्या खरपूस कडेचा वास नाकाला गोडसर वाटतो, पण घोट गिळल्यावर जिभेवर साखर रेंगाळते का, हे पाहावं. उत्तम डुंकेल गिळताना बऱ्यापैकी कोरडी होते. माझ्या मते तिचं सगळं कसब याच एका क्षणात कळतं. गिळल्यावर तोंड चिकट झालं, तर कुठेतरी बिघडलं आहे.

आता गुण देण्याचं. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या तक्त्यात एकूण ५० गुण असतात : वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकंदर परिणामाला १०. दिसण्याचे ते तीन गुणही रंग, स्वच्छता आणि फेस यांच्यात वाटले जातात. आपण मात्र निम्मा निकाल पेला पाहूनच लावून टाकतो. परीक्षक बिअर तिच्या जातकुळीच्या वर्णनाशी ताडून पाहतात. डुंकेल 'स्टाउटइतकी जोरकस नाही' म्हणून तिचे गुण कापणं म्हणूनच चूक. कमी अल्कोहोलमध्ये, भाजक्या कडवटपणाचा आधार न घेता माल्टचे इतके थर उभे करणं अवघड काम आहे, आणि त्याचं श्रेय मिळायलाच हवं. तुम्हाला ती आवडली की नाही, हा वेगळा प्रश्न. त्याची नोंद वेगळी ठेवावी.

चाखताना आपल्याकडे हमखास दोन गोष्टी आड येतात. पहिली, बर्फासारखं थंड पिण्याची सवय. फार गार बिअरमधून वास नीट सुटत नाही आणि डुंकेलचं सगळं भांडवल तर वासात. तिला साधारण ७ ते १० अंश पुरेत. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर राहू द्यावी. दुसरी, फेसाची भीती. फेस म्हणजे बारवाल्याची लबाडी, असं समजून आपण पेला तिरपा धरून फेस येऊच देत नाही. पेला आधी तिरपा धरा, मग सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. जास्तीचा वायू निघून जातो आणि वास वर येतो. मग पेला उजेडासमोर धरून पाहा. काळी म्हणून आणलेली बिअर कडेला लालसर, माणकासारखी आणि आरपार स्वच्छ दिसेल. वास घ्यावा तो छोट्या हुंग्यांनी, फेस बसायच्या आत. लोण्याचा किंवा उकडलेल्या मक्याचा ठसठशीत वास आला, तर तो दोष समजावा.

आणि बाटली जितकी जुनी तितकी बिअर चांगली, हे डुंकेलला अजिबात लागू नाही. पाच टक्क्यांची ही बिअर मुरवत ठेवण्यासाठी नसते. मुरण्याचं काम ब्रूअरीतच संपलेलं असतं. जर्मनीहून जहाजाने आलेली बाटली आपल्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर पडून राहिली, की माल्टचा ताजेपणा जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. अशी बाटली चाखून कुणी डुंकेलला नावं ठेवत असेल, तर तो निकाल धरू नये. विकत घेताना आधी बाटलीवरची तारीख वाचा, ताजी नसेल तर तिथेच ठेवून द्या.