दार उघडले, पण किती जणांसाठी?

गुणवत्ता असली की दार आपोआप उघडते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. अशांनी विली ओ'री यांची कारकीर्द जरूर पाहावी.

कॅनडातील फ्रेडरिक्टनचे ओ'री १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्सकडून बर्फावर उतरले. नॅशनल हॉकी लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्यापूर्वीच रबरी चकती लागून त्यांचा उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला होता. कळले तर खेळ संपेल, म्हणून त्यांनी ते लपवले. वर्णद्वेषी शिव्या आणि स्टिकचे प्रहार सोसत ते एका डोळ्याने खेळले. वाट्याला आले ४५ सामने, ४ गोल. १९६१ नंतर त्यांना या लीगमध्ये पुन्हा संधी मिळाली नाही. बाकीची कारकीर्द दुय्यम लीगमध्ये गेली.

दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माईक मार्सन, आला तो थेट १९७४ साली. मधल्या तेरा वर्षांत गुणवत्ता काय आटली होती?

१९९८ पासून ओ'रींनी लीगच्या वतीने वंचित मुलांना या खेळाकडे आणले. २०१८ साली हॉल ऑफ फेम मिळाले. २०२२ साली बोस्टनने त्यांचा २२ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

सन्मानाचे स्वागतच आहे. पण एकाला आत घेऊन दार लावून घेणे, याला समता म्हणत नाहीत!