गोळीपेक्षा छावणीच अधिक जीवघेणी

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मृत्युमुखी पडले, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा आकडा साडेसात लाखांच्या घरात नेला. पारंपरिक अंदाजानुसार त्यातील जवळपास दोन तृतीयांश सैनिकांचा बळी शत्रूने नव्हे, तर रोगराईने घेतला. या रोगराईचा आरंभ झाला प्रशिक्षण छावण्यांत.

एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवकांना आवाहन करताच उत्तरेत भरतीला उधाण आले. पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथील 'कॅम्प कर्टिन'मधूनच युद्धकाळात तीन लाखांहून अधिक सैनिक गेले. कवायत आणि बंदूक चालविणे तेथे शिकविले जाई. स्वच्छतेची शिस्त मात्र बहुतेक छावण्यांत अभावानेच आढळे.

आजार का फैलावले?

खेड्यापाड्यांतील अनेक तरुणांना बालपणी गोवर झालेला नव्हता. दाटीवाटीच्या तंबूंत तो झपाट्याने पसरला. शौचाचे उघडे चर आणि दूषित पाणी यांमुळे हगवण, आमांश व विषमज्वर बळावले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य नव्हता. दुर्गंधीयुक्त हवेलाच दोष दिला जाई. क्लोरोफॉर्म व ईथरमुळे शस्त्रक्रिया वेदनारहित झाली होती. पण तीच शस्त्रे न धुता पुढच्या रुग्णासाठी वापरली जात. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, प्रसिद्ध झाली.

व्यवस्थेने वाचविले प्राण

अशा स्थितीत उपयोगी पडली ती नवी औषधे नव्हे, तर सुव्यवस्था. जून १८६१ मध्ये स्थापन झालेल्या 'सॅनिटरी कमिशन' या नागरी संस्थेच्या निरीक्षकांनी उत्तरेच्या छावण्यांची पाहणी करून पाणी, आहार व शौचव्यवस्था सुधारण्याचा आग्रह धरला.

ऑगस्ट १८६२ मधील बुल रनच्या दुसऱ्या लढाईत जखमी सैनिक कित्येक दिवस रणांगणावरच पडून राहिले होते. त्याच महिन्यात डॉ. जोनाथन लेटरमन यांनी 'आर्मी ऑफ द पोटोमॅक'मध्ये स्वतंत्र रुग्णवाहिका पथक उभारले. आधी प्रथमोपचार केंद्र, मग क्षेत्रीय रुग्णालय आणि शेवटी दूरचे मोठे रुग्णालय, असे टप्पे त्यांनी आखले. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे एकाच दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. तरीही उत्तरेच्या बहुतेक जखमींना सुमारे २४ तासांत हलविता आले. मार्च १८६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ही पद्धत उत्तरेच्या संपूर्ण सैन्याला लागू केली. जखमींना टप्प्याटप्प्याने मागे नेण्याचे हेच तत्त्व आजच्या लष्करी वैद्यकसेवेचाही पाया आहे.