दुखणं नेमकं सांगूया
कोल्हापुरात सीपीआरला जा किंवा गल्लीतल्या दवाखान्यात, केसपेपर काढून आत गेलं की आपल्याकडची बरीच माणसं ‘सगळं अंग दुखतंय’ एवढंच सांगतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला एवढं पुरत नाही. ठणका, चमक, जळजळ, मुंग्या यांची कारणं वेगळी असू शकतात, औषधंही. सजद्यातून उठताना गुडघा धरतो का, रात्री झोप मोडते का, हे घरीच कागदावर लिहून नेऊया. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्याही सांगूया; वेदनाशामक फार दिवस घेतल्यास मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. अम्मीचं दुखणं अम्मीलाच सांगू द्यावं, सोबतच्यांनी आठवण करावी. निघताना विचारूया : डॉक्टरसाहेब, यातलं बरं किती होईल आणि सांभाळावं किती लागेल?