बुकेतलं पांढरं फूल

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. माझ्या रूममेटला प्रमोशन मिळालं आणि टीमने दिलेला भलामोठा बुके मिरवत ती घरी आली. गुलाब, जरबेरा आणि मधल्या फटी भरायला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. 'सो क्यूट ना?' ती म्हणाली. मीही त्यात नाक खुपसून फोटो काढून घेतला. फ्रीलान्सरला बुके कोण देणार, निदान फोटो तरी!

तेवढ्यात सोसायटीचे माळीकाका बाल्कनीतल्या कुंड्या बघायला आले आणि दारातच थबकले. 'ताई, ते आधी बाहेर टाका. काँग्रेस आहे ते.'

काँग्रेस म्हणजे गाजर गवत. वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं वाढलेलं दिसतं ना, तेच. पानं गाजरासारखी, फुलं पांढऱ्या टोपीसारखी, म्हणून ही दोन नावं. काकांनी बुकेला हात लावला नाही. मी पहिल्यांदाच त्यांच्या हातांकडे नीट बघितलं. कातडी काळवंडलेली, जाड झालेली, कोपराच्या खोबणीत खाजवून सोललेली. मानेवर, पापण्यांवरही तेच. 'उन्हात गेलं की आग होते,' ते म्हणाले. कधीपासून? 'झाले की तीन-चार गणपती.'

गणपतीत मोजलेलं हे उत्तर किती नेमकं होतं, ते मला नंतर कळलं.

काकांना घेऊन स्किन स्पेशालिस्टकडे गेले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, 'काम काय करता?' या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. अंगावरच्या बारीक लवेत असतं, वाळलेल्या पानांच्या चुऱ्यातही असतं, आणि तो चुरा हवेतून येऊन बसतो. म्हणून हातांइतकाच त्रास चेहऱ्याला आणि पापण्यांना. सुरुवातीला काहीच होत नाही. वारंवार संपर्क आला की एक दिवस शरीर बिथरतं, आणि मग थोडंसं गवतही पुरतं. शिवाय परागकणांनी शिंका आणि दमा, तो वेगळाच हिशेब. डॉक्टरांनी क्रीम दिलं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगितलं आणि म्हणाले, गवतापासून लांब राहा. माळ्याला!

मग मी वाचायला लागले, आणि धक्का बसला तो आपल्या गावाचं नाव वाचून. हे मूळचं मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतलं. भारतात ते पहिल्यांदा डोळ्यांवर आलं १९५५-५६ च्या सुमारास, आपल्या पुण्यात, कचऱ्याच्या ढिगांवर! अमेरिकेहून आलेल्या धान्याच्या पोत्यांतून बी आलं असं बहुतेक ठिकाणी सांगतात. पुण्यातून ते देशभर पसरलं. 'पुण्याने देशाला काय दिलं' या आपल्या आवडत्या यादीत हे कुणी धरत नाही, एवढंच.

पसरण्याचा फंडा साधा आहे. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फूल. एका झाडाला १५ ते २५ हजार बिया. वर्षात तीन-चार पिढ्या. बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि मुळांतून सुटणारी रसायनं शेजारच्या झाडांना डोकं वर काढू देत नाहीत.

आता आमच्या सोसायटीचा पराक्रम ऐका. मागच्या मोकळ्या प्लॉटवर दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो. त्यामुळे प्लॉट साफ व्हायचा तो मांडवाच्या आठवडाभर आधी. म्हणजे गवत पांढरंधोप फुललेलं असताना! काका उघड्या हातांनी उपटणार, ढीग कोपऱ्यात वाळत पडणार, त्यातून बी सगळीकडे सांडणार, पुढच्या वर्षी दुप्पट गवत. आणि त्या ढिगाची धूळ खात आम्ही नटूनथटून आरतीला उभे.

कमिटी मीटिंगमध्ये मी म्हटलं, तारीख बदला. जुलैत, फूल यायच्या आधी, पावसाने माती मऊ असताना मुळासकट काढू. सेक्रेटरी म्हणाले, 'मग गणपतीच्या आधी पुन्हा साफ करावं लागेल, दोनदा पैसे?' फवारा मारायची सूचनाही आली, पण पलीकडेच मुलांचे झोपाळे आहेत, त्यामुळे ती बारगळली. शेवटी एक रविवार ठरला. व्हॉट्सअॅपवर साठ जणांनी अंगठे दाखवले. हातमोजे, मास्क आणि फुल शर्ट घालून आले अकरा. काकांना घरीच बसवलं होतं. ते व्हिडिओ कॉलवरून ओरडत होते, 'मूळ राहिलं, मूळ!' फूल न आलेलं गवत असल्यामुळे सगळं बिनधास्त कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता आलं.

मधेच एकीने किंकाळी फोडली. पानांवर फिकट रंगाचे, पाठीवर तपकिरी रेघा असलेले भुंगे! कुणी झुरळांचा स्प्रे आणायला धावलं, त्याला थांबवलं. हे आपले पाहुणे. गाजर गवतावर जगणारा हा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगलोरला आणला गेला आणि १९८४ पासून मुद्दाम सोडला गेला. पावसाळ्यात पानं फस्त करतो, पण थंडी-उन्हाळ्यात जमिनीखाली ताणून देतो, म्हणून सगळं त्याच्यावर सोपवता येत नाही. भुंगे असलेलं एक टोक आम्ही तसंच ठेवलं.

यंदा मात्र खरा शहाणपणा काकांनी केला. मुळशीतल्या गावाहून टाकळ्याचं बी आणलं आणि मे महिन्यात प्लॉटच्या कडेने माझ्याकडून पेरून घेतलं. पावसात टाकळा असा दाट उठतो की गाजर गवताला जागाच उरत नाही. मी फार विश्वास ठेवला नव्हता. जूनअखेर बघते तर तीन कडा हिरव्यागार, आणि गाजर गवताची रोपं मोजून उपटता येतील इतकी.

काकांचे हात पूर्ण बरे नाहीत. क्रीम चालू आहे, ऊन वाढलं की खाज येतेच. प्लॉटमध्ये ते पाऊल टाकत नाहीत, कुंड्या आणि लॉन बघतात. पगार तोच राहिला, पण त्यासाठी मला सेक्रेटरींशी दोनदा भांडावं लागलं.

टाकळ्याची कोवळी पानं काकूंनी भाजीला नेली. कांदा-लसूण, वरून ओलं खोबरं. एक डबा आमच्याकडे आला, एक सेक्रेटरींकडे. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज: 'अजून आहे का?'